झोपलेल्या लेकीला सांगितलेली कहाणी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप दरवर्षी येतो, आणि दरवर्षी मी लसीकरण, अतिसार किंवा परीक्षेच्या दिवसांतील पोटदुखी यांपैकी एखाद्या विषयावर चार पाने लिहून देतो. यंदा संपादकांची क्षमा मागून मी एका गाण्यावर लिहिणार आहे. मी संगीताचा जाणकार नाही. भूप कोणता आणि देशकार कोणता, हे मला आजही सांगता येत नाही. परंतु गेली बारा-तेरा वर्षे एक गाणे माझ्या तपासणीच्या खोलीत ये-जा करीत आहे. त्याने माझ्या काही समजुती मोडल्या आणि एक जुनी चूक दाखवून दिली. ती चूक आपल्या व्यवसायातील पुष्कळांच्या ओळखीची असावी, म्हणून हा लेख.

२०१२ सालच्या कोजागरीची रात्र होती. आपले डॉक्टर मंडळ कुटुंबांसह एका सहकाऱ्याच्या गच्चीवर जमले होते. भगिनीवर्गाने भुलाबाईची गाणी म्हटली, खिरापत ओळखण्याचा खेळ झाला. दूध आटत होते. तेवढ्यात आपल्यातील एका तरुण भूलतज्ज्ञाने पेटी पुढे ओढली आणि कोणी आग्रह करण्याची वाट न पाहता ‘दमलेल्या बाबाची कहाणी’ गायला सुरुवात केली. पहिल्या कडव्यापर्यंत गप्पा चालू होत्या. दुसऱ्या कडव्याला त्या थांबल्या. पुढे जे झाले ते मी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. तीस वर्षे शस्त्रक्रिया करूनही ज्यांचा हात कधी कापला नाही, असे आपले एक ज्येष्ठ शल्यचिकित्सक चष्मा काढून उपरण्याने डोळे पुसत होते. त्यांच्या शेजारी बसलेले औषधविक्रेते मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत होते. मी चंद्राकडे पाहत होतो, कारण खाली पाहिले असते तर पाणी गालावर आले असते; पण ते तसेही आलेच. बायका आपापल्या नवऱ्यांकडे आश्चर्याने पाहत होत्या. गाणे संपल्यावर टाळी वाजली नाही. कोणीतरी म्हणाले, ‘दूध निवतंय,’ आणि सगळे घाईघाईने उठले.

गाण्याची थोडी माहिती देतो. शब्द संदीप खरे यांचे आणि संगीत डॉ. सलील कुलकर्णी यांचे. सलील कुलकर्णी हे वैद्यकीय शिक्षण घेऊन संगीताकडे वळलेले, म्हणजे एका अर्थी आपल्याच घरातले. या दोघांनी २००३ साली पुण्यात ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम सुरू केला. चित्रपटाचा पडदा नाही, नट-नटी नाहीत, मोठा वाद्यवृंद नाही. दोन माणसे, एक पेटी, मोजके साथीदार आणि स्वतःच्या कविता. मराठीला खाजगी गीतांची परंपरा जुनी आहे. मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे आणि अरुण दाते यांचे ‘शुक्रतारा’ १९६२ सालचे. पण भावगीताचा प्रांत बहुतांशी प्रेमाचा, विरहाचा आणि निसर्गाचा. आपल्या लेकराला आपण वेळ देऊ शकलो नाही, अशी कबुली देणारा मध्यमवयीन नोकरदार पुरुष त्या प्रांतात फारसा आला नव्हता. तो या गाण्याने आला.

गाण्याला घाट दिला आहे व्रतकथेचा. श्रावणात घरची वडीलधारी बाई हातात तांदळाचे दाणे देऊन जी कहाणी सांगत असे, त्या कहाणीतले आटपाट नगर इथे गर्दीने भरलेले शहर होते आणि राजाराणीच्या जागी गाडीच्या गर्दीतून घरी परतणारा बाप येतो. लेक वाट पाहून, रडून झोपी गेलेली आहे. तिच्या उशाशी बसून तो तिला कहाणी सांगतो, आणि ती कहाणी त्याचीच आहे. लेकीचा पहिला दात, तिच्या तोंडी गेलेला पहिला मऊ भात, तिचे रांगणे, या साऱ्या गोष्टी त्याच्या हातून निसटून गेल्या. शेवटी तो एक प्रश्न विचारतो: ही लेक सासरी जायला निघेल, तेव्हा उंबरठ्यावर तिला या बापासाठी रडू येईल काय?

इथे एक गंमत सांगितली पाहिजे. आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात माणूस ‘दमत’ नाही, तो ‘थकतो’. दम लागतो तो दम्याच्या रोग्याला. तसेच इथे लोकल गाडी नाही, उंच इमारतींतील कचेऱ्या नाहीत. नागपूर-इटारसी मार्गावरच्या आमच्या तिगावच्या स्थानकावर गर्दीत कोणी चेंगरल्याचे मी ऐकलेले नाही. मग हे पुण्या-मुंबईकडचे गाणे आमच्या माणसांना एवढे का लागावे?

याचे उत्तर मला दवाखान्यात मिळाले. पांढुर्ण्याला माझा दवाखाना आहे आणि रविवारी सकाळी मी तिगावला, माझ्या मूळ घराच्या ओसरीवर, मुले तपासतो. कोजागरीनंतर महिनाभराने एक तरुण बाप दीड वर्षाच्या मुलीला घेऊन तिथे आला. संत्र्याचा तोडा सुरू झाला की तो मालाच्या गाडीबरोबर दूरदूरच्या बाजारपेठांकडे जात असे आणि एरवी नागपूरला बांधकामावर असे. मुलगी त्याच्या कडेवर थांबायला तयार नव्हती. आजीकडे झेप घेत होती. तो ओशाळून म्हणाला, ‘साहेब, पोरगी मले वळखत नाही जी. मी राती येतो तवा थे निजली रायते, सकाळी जातो तवाबी निजलीच रायते.’ मी अवाक झालो. त्याने ते गाणे ऐकलेले नव्हते. तरीही त्यातले अर्धे त्याने आपल्या बोलीत मला सांगून टाकले होते.

त्या दिवसापासून मी बापांकडे लक्ष देऊ लागलो. बोरगावच्या कारखान्यांत पाळीने काम करणारे बाप, नागपूरच्या खाणावळीत राबणारे बाप, रात्रभर ओलिताची पाळी सांभाळून आलेले बाप. आणि हो, रुग्णालयातून रुग्णालयात धावणारे डॉक्टर बापही. आपली बालरोगाची विद्या आईशी बोलते. मूल किती वेळा दूध पिते, शी कशी होते, रात्री झोपते का, हे आपण आईला विचारतो. बाप दाराशी हातात पिशवी आणि पैशाचे पाकीट घेऊन उभा असतो. त्याच्याशी आपण बोलतो ते औषध कोठे मिळेल एवढेच सांगण्यासाठी.

आपल्या साहित्यानेही त्याला दाराशीच उभे ठेवले आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३५ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. तिच्यावरच्या आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. आईवर रडण्याची मुभा मराठी माणसाला तेव्हापासून, खरे तर त्याच्या कितीतरी आधीपासून होती. बाईलाही रडण्याची एक हक्काची जागा होती, ती म्हणजे जाते. पहाटे जात्यावर बसून ती सासूचा जाच, भावाची वाट, मेलेले लेकरू, सगळे ओवीत घालत असे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुरुषाच्या वाट्याला जाते आले नाही. भजनात तो देवासाठी रडू शकत होता, तमाशात हसू शकत होता. परंतु ‘माझे लेकरू माझ्याविना वाढले’ हे म्हणण्याची जागा त्याला नव्हती.

माझे वडीलच आठवतात. तिगावला आमची संत्र्याची लहानशी बाग होती. मी डॉक्टरीच्या शिक्षणासाठी घर सोडले, त्या दिवशी ते पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन मला स्थानकावर सोडायला आले. गाडीला उशीर होता. तासभर आम्ही एका बाकावर बसलो आणि त्या तासात ते तीनच वाक्ये बोलले. पैसे आत ठेव. पाणी उकळून पी. पत्र टाक. गाडी फलाटाला लागली तसे ते वळून चालू लागले. गाडी हलण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. बाप कोरडा आहे, असे मी ठरवून टाकले. ते गेल्यानंतर कित्येक वर्षांनी आई बोलता बोलता म्हणाली, ‘त्या दिवशी ते जेवले नाहीत. बागेतून आलेच नाहीत रात्रीपर्यंत.’ मी बालरोगतज्ज्ञ होऊन पंधरा वर्षे झाली होती, आणि ही साधी गोष्ट मला तेव्हा कळली.

चालायला शिकणारे मूल अंगणात पडते, तेव्हा काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पडल्याबरोबर ते रडत नाही. ते उठते, इकडेतिकडे पाहते. आई दिसली नाही तर गुडघा खरचटलेला असूनही खेळू लागते. आई दिसली, तिने हात पुढे केले, की मग जो टाहो फुटतो तो गल्लीत ऐकू जातो. मघाची वेदना आता वाढली, असे नव्हे. रडायला जागा मिळाली, एवढेच. कोजागरीच्या रात्री गच्चीवर मला जे दिसले ते हेच होते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी खरचटलेले गुडघे तिथे होते. त्या गाण्याने हात पुढे केले.

या गाण्यावरचे आक्षेपही मला ठाऊक आहेत, आणि त्यांतले दोन मला मोलाचे वाटतात.

पहिला आक्षेप तिगावच्याच एका आईचा. तिसऱ्या बाळंतपणानंतर ती आपल्या लेकराला डोसासाठी घेऊन आली होती. भ्रमणध्वनीवर कोणीतरी हे गाणे लावले होते आणि ओसरीवर बसलेले दोन-तीन पुरुष गंभीर होऊन ऐकत होते. ती म्हणाली, ‘साहेब, थकते त मायबी. तिचं गानं कोनं लिवलं काय? बाप थकून आला त त्याले चहा भेटते. माय थकली त तिले निजू कोन देते?’ पुरुष हसले. मला हसू आले नाही, कारण तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे आणि फिकट नखे मी पाहत होतो. मी तिला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. तिच्या प्रश्नावर माझ्याकडे गोळी नव्हती. बापाच्या अनुपस्थितीची जी पोकळी गाण्यात आहे ती रिकामी राहत नाही. कोणीतरी स्वतःचे हाड झिजवून ती भरते. पहिला दात बापाने पाहिला नसेल, पण तो येताना रात्री कोण जागले, हे गाणे सांगत नाही.

दुसरा आक्षेप एका सहकाऱ्याचा. तो म्हणतो, ‘हे रडणे स्वस्त आहे. माणूस गाणे ऐकतो, डोळे पुसतो, हलका होतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रात्री दहालाच घरी जातो. आधी पाप, मग गंगास्नान, मग पुन्हा तेच पाप.’ यात तथ्य आहे. ताप हा रोग नव्हे, लक्षण आहे, हे आपण पालकांना रोज सांगतो. अश्रूंचेही तसेच. ते आले म्हणजे आत काही आहे, एवढे कळले. उपचार अजून व्हायचा आहे. मात्र ज्या रोगाचे लक्षणच आजवर दिसत नव्हते, त्याचे लक्षण दिसू लागले, ही गोष्ट वैद्याला लहान वाटू नये. २०१० साली अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून एक निष्कर्ष मांडला गेला: बाळाच्या जन्माच्या आगेमागे सुमारे १० टक्के बापांना नैराश्य येते. प्रसूतीनंतरच्या आईचे मन तपासण्याची प्रश्नावली आपण शिकलो. बापालाही हे होऊ शकते, हे माझ्या पिढीच्या कोणत्याही व्याख्यानात मी ऐकलेले नव्हते.

आता माझ्या घरची गोष्ट. ती लिहावी की नाही यावर मी बरेच दिवस घुटमळलो. ज्या व्यक्तीची ती आहे, तिनेच लिहा म्हटले, म्हणून लिहितो.

आम्हाला एकच मुलगी. तिचा जन्म १९९९ चा. तिच्या पहिल्या सात-आठ वर्षांत माझा दवाखाना नुकताच उभा राहत होता. कर्ज होते, रात्री-अपरात्री बोलावणी होती, आणि मुलांचा डॉक्टर हाक आल्यावर नाही म्हणू शकत नाही. मी दुसऱ्यांच्या मुलांचे पहिले दात पाहिले, त्यांची वजने नोंदवली, त्यांच्या पहिल्या शब्दांचे कौतुक केले. माझ्या मुलीचे लसीकरणाचे कार्ड व्यवस्थित भरलेले आहे. तेवढे मी केले. म्हणून ते गाणे मला माझे वाटले. मी ते गाडीत ऐकत असे आणि मनात एक आशा बाळगून होतो की, लेक मोठी होऊन ते ऐकेल, तिला माझी बाजू कळेल, आणि ती म्हणेल, ‘जाऊ द्या बाबा.’

२०२४ च्या दिवाळीत ती पुण्याहून आली होती. एका संध्याकाळी मी ते गाणे मुद्दाम लावले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘बाबा, मला हे गाणे आवडत नाही.’

मी कारण विचारले.

‘यात मुलगी झोपलेली आहे. बाबा सगळे सांगतो, स्वतःच प्रश्न विचारतो, आणि ती झोपलेलीच राहते. तिला काय वाटते, हे कोणी विचारतच नाही.’

मग थोडा वेळ थांबून ती म्हणाली, ‘मी जागी असायचे. स्कूटरचा आवाज आला की मी डोळे मिटून घ्यायचे. आई सांगायची, बाबा थकून येतात, त्यांना त्रास द्यायचा नाही. तुम्ही यायचात आणि कपाळावर हात ठेवायचात, ताप बघितल्यासारखा. मला वाटायचे, आता काहीतरी बोलतील. तुम्ही दिवा घालवून जायचात.’

माझ्याकडे बोलण्यासारखे काही नव्हते. ती पुढे म्हणाली, ‘आणि कोजागरीला तुम्ही रडलात तेव्हा मी तिथेच होते. पाण्याच्या टाकीमागे आम्ही मुले बसलो होतो. मी तेरा वर्षांची होते. मला वाटले, आज घरी गेल्यावर तुम्ही काहीतरी सांगाल. पण तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला आणि तुम्ही गेलात.’

तो फोन मला आठवला. झटके येणारे मूल होते. ते वाचले. मी योग्य तेच केले होते, आणि तरीही दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, पुढच्या बारा वर्षांत केव्हाही मी तिच्याशी बोलू शकलो असतो. मी गाणे ऐकत राहिलो. माझ्या सहकाऱ्याचा आक्षेप मला तेव्हा पूर्ण कळला.

दोन दिवसांनी तिने मला एक दुसरा गीतसंग्रह ऐकायला दिला. ‘हाही एका बाबाचाच आहे,’ एवढेच म्हणाली. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील एका लहान गावी राहणारे फिल एल्व्हरम हे गायक ‘माउंट ईरी’ या नावाने गातात. त्यांची पत्नी जनव्हिएव्ह कास्ट्रे चित्रकथाकार होती. मुलगी काही महिन्यांचीच असताना तिला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला आणि २०१६ च्या जुलैत ती गेली. एल्व्हरम यांनी तिच्याच खोलीत बसून, बहुतेक तिचीच वाद्ये घेऊन गाणी ध्वनिमुद्रित केली. ‘अ क्रो लुक्ड ॲट मी’ या नावाने ती २०१७ च्या मार्चमध्ये बाहेर आली. रॉक संगीत म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे कर्कश ढोल येतात. इथे ढोल जवळजवळ नाहीत. एक माणूस हलक्या आवाजात, रोजच्या बोलण्यासारखा, घरात काय काय घडले ते सांगतो. पत्नी गेल्यावर आठवड्याभराने तिच्या नावाचे एक पुडके येते. त्यात लेकीसाठी पाठीवरचे दप्तर असते, ती पुढे कधी शाळेत जाईल त्या दिवसासाठी आईने गुपचूप मागवलेले. हे ऐकल्यावर मी यंत्र बंद केले आणि अर्धा तास बाहेर फिरून आलो.

त्या संग्रहाला समीक्षकांनी त्या वर्षी मोठा मान दिला. पण श्रोत्यांची प्रतिक्रिया मला अधिक बोलकी वाटते. एकदा ऐकून पुन्हा लावण्याचे धैर्य झाले नाही, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या कार्यक्रमांतही टाळी वाजवावी की गप्प बसावे हे श्रोत्यांना कळत नसे. वाचताना मला आपली गच्ची आठवली आणि ‘दूध निवतंय’ म्हणणारा तो आवाज.

पण लेकीला मला दाखवायचे होते ते वेगळेच. या गाण्यांतली मुलगी जागी आहे. ती घरभर हिंडते आणि प्रश्न विचारते. एका गाण्यात ती विचारते, आई पोहते का? बाप तिला दटावत नाही, विषय बदलत नाही. आईची राख पाण्यात गेलेली आहे. तो सांगतो, होय, पोहते. मुलांचा डॉक्टर म्हणून मी सांगू शकतो की पाच वर्षांखालच्या मुलाला मरण कायमचे असते हे कळत नाही. ते मूल माणूस परत केव्हा येणार, तो जेवतो का, त्याला थंडी वाजते का, असेच विचारते, आणि त्याला खोटे न बोलता, त्याच्या उंचीवर बसून उत्तर द्यावे लागते. दुःखाने मोडलेला तो बाप हे करतो. कारण समोरचे मूल जागे आहे आणि त्याला उत्तर हवे आहे.

मी या दोन कृतींची तुलना करू इच्छित नाही. आमच्या गाण्याने मुक्या बापांना तोंड दिले; ते उपकार लहान नाहीत. माझ्या वडिलांना ते मिळाले असते तर स्थानकावरच्या तासात चौथे वाक्य आले असते, असे मला वाटते. दोष गाण्याचा नाही, माझा आहे. गाण्यातला बाप झोपलेल्या लेकीला सांगतो, ते ऐकून माझे समाधान झाले. झोपलेल्या मुलाला काहीही सांगणे सोपे असते. ते उलट विचारत नाही.

तेव्हापासून दवाखान्यात मी तीन साध्या गोष्टी बदलल्या आहेत. एक, बापासाठी खुर्ची ठेवली आहे, आईच्या शेजारी. दोन, लस टोचताना मूल शक्यतो बापाच्या मांडीवर देतो. मूल रडते, बाप घाबरतो आणि मग नकळत त्याला छातीशी धरतो. कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी धरण्याची पद्धत कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ मध्ये सुरू झाली. ती बापालाही करता येते, हे मी आता प्रत्येक बापाला सांगतो. आईला तेवढाच वेळ डोळा लावता येतो, आणि तिगावच्या त्या बाईच्या प्रश्नाचे हे थोडेसे उत्तर आहे. तीन, मी बापाला विचारतो, ‘मूल जागे असताना तुम्ही घरी किती वेळ असता?’ पुष्कळांना हिशेब करावा लागतो. मी कोणाला दोष देत नाही. ओलिताची पाळी रात्रीच असते, कारखान्याचा भोंगा थांबत नाही, कर्ज फिटेपर्यंत गाडीवर जावेच लागते. मी एवढेच म्हणतो, दहा मिनिटे असतील तर दहा. पण मूल जागे असताना. आणि त्याला आपली कहाणी सांगण्याआधी त्याची ऐका.

संत्र्याच्या गाडीवर जाणारा तो बाप अधूनमधून येतो. मुलगी आता शाळेत मोठ्या वर्गात आहे. बाहेरगावी असला की रोज संध्याकाळी, ती जागी असताना, तो फोन करतो. परवा म्हणाला, ‘थेच बोलते साहेब, मी आयकतो. मले त बोलताच येत नाही.’ मी त्याला म्हटले, तू माझ्यापेक्षा पुढे आहेस.

माझी लेक दर रविवारी रात्री फोन करते. तिने ‘जाऊ द्या बाबा’ असे अजून म्हटलेले नाही, आणि मीही आता त्याची वाट पाहत नाही. ती आठवड्याचे सांगते. कामावरची भांडणे, घरमालकीण, बिघडलेली भाजी. गेल्या रविवारी तिगावला खूप मुले तपासली होती. बोलता बोलता माझे डोळे मिटले असावेत. पलीकडून आवाज आला, ‘बाबा, झोपलात का?’

मी दचकून सावरलो. ‘नाही बेटा,’ म्हटले, ‘जागा आहे. सांग.’